शेपटाकडची माडी

१ तारीख, सोमवार

लागले एकदाची नोकरीला. विमानं साफ करायची. पन्नाशी गाठली आणि आज पहिल्यांदा विमानात पाय ठेवला, तोही हातात पोछा घेऊन. सून म्हणाली, सासूबाई, तुम्ही तर बिनतिकिटाच्या चढलात. म्हटलं, तू तिकीट काढून चढून दाखव, मग बोल. पण मनातून गंमत वाटली. खुर्च्या काय, पडदे काय! एका खुर्चीत पाच मिनिटं बसून घेतलं. कोण बघतंय?

मुकादमानं प्रत्येकीला खिशात मावेल अशी वही दिलीय. कुठल्या विमानात काय केलं ते लिहायचं. त्याचं काम दोन ओळींत भागतं. उरलेल्या पानावर मी माझं लिहिणार. चौथीपर्यंतच शिकले, पण अक्षर गोल आहे माझं.

आम्ही आठजणी. मागच्या दाराशी खिळ्यांची पाटी असते. आत जाताना आपला बिल्ला खिळ्याला अडकवायचा, उतरताना काढून घ्यायचा. पाटी रिकामी दिसली की मुकादम दार लावतो. मला एकतीस नंबर मिळाला. आधीच्या बाईचा आहे. ती न सांगता सोडून गेली म्हणे. नवा बिल्ला पुढच्या आठवड्यात येईल.

३ तारीख, बुधवार

लोकांना काय काय माहीत नसतं! विमानात विडी ओढायला बंदी, तरी संडासाच्या दारात राखेची डबी असतेच. नियमच आहे तसा. कोणी बंदी मोडलीच, तर थोटूक कागदाच्या डब्यात पडून आग नको लागायला. दारावरची छोटी पाटी उचलली की कडी बाहेरून उघडते. आत कडी लावून बसलेल्या माणसाला वाटतं आपण सुरक्षित. हसूच आलं मला.

आणि शेपटाकडे एक अरुंद दार आहे. संडासाचंच वाटतं. उघडलं की उभा जिना. वर बुटकी माडी, तिथे सहा गाद्या. लांबच्या प्रवासात हवाई सुंदऱ्या आळीपाळीनं तिथे झोपतात. खिडकी नाही, ताठ बसता येत नाही, पेटीत ठेवल्यासारखं. झोपताना पट्टा पांघरुणाच्या वरून बांधायचा, म्हणजे पट्टा लावलाय का, ते कोणाला उठवून विचारावं लागत नाही. चादरी बदलायला मीच जाते. बाकीच्या सगळ्या अंगानं भरलेल्या, जिन्यात अडकतील.

५ तारीख, शुक्रवार

आज डोकं फिरलं. माडीवरची कोपऱ्यातली शेवटची गादी आधीच नीट लावलेली. पांघरुणावरून पट्टा बांधलेला, आवळून. हात घातला तर गादी गरम. म्हटलं, या बाया लोळत पडतात आणि आम्हाला घाईत ढकलतात. खाली आले आणि एका सुंदरीला सुनावलं. ती पोर म्हणाली, मावशी, आजचा प्रवास दीड तासाचा होता, वर कोणी गेलंच नाही. आणि त्या गादीवर आम्ही झोपत नाही. का, ते सांगितलं नाही.

८ तारीख, सोमवार

पुन्हा तेच विमान. गादी पुन्हा गरम. पट्टा सोडायला गेले तर सुटेना. आतून कोणीतरी पोट फुगवून धरावं तसा ताणलेला. मी चादर न बदलताच उतरले. वहीत बदलली असं लिहिलं.

जेवताना चष्मेवालीला खोदून खोदून विचारलं. आमच्यातली सगळ्यात जुनी ती. आधी म्हणाली, तुला काय करायचंय. मग तिनं डबा बाजूला सारला आणि रडायलाच लागली. म्हणाली, घाई होती गं. घाई असली की पहिली उतरणारी सगळ्यांचे बिल्ले एकदम काढून घेते, सगळ्याच तसं करतात. त्या दिवशी ते चष्मेवालीनंच काढले. एकतीस नंबरवाली वर माडीत होती. पाटी रिकामी, दार लागलं, विमान ओढून दुरुस्तीच्या कारखान्यात नेलं. नऊ दिवसांनी उघडलं.

मी विचारलं, मग?

वर कोणी नव्हतं म्हणाली. घरीही पोचली नाही ती. पण बिल्ला कचेरीत जमा होता ना. कागदावर ती बाहेर आली होती. म्हणून मग शोधायचं तरी कोणी?

९ तारीख, मंगळवार

मुकादमाला सांगितलं, मला हा बिल्ला नको आणि ती माडीही नको. तो म्हणाला, बाई, महिनाभर काम बघून मग कायम करतो, आत्तापासून नखरे नकोत. नाकाला मिरच्या झोंबल्या माझ्या, पण बिल्ला परत खिशात टाकला. घरी जाऊन सुनेला काय सांगू, गादीला घाबरून सोडली नोकरी?

चष्मेवालीला बजावलं. माझा बिल्ला मीच काढणार. दुसऱ्या कोणी हात लावला तर हात मोडीन. तिनं गळ्याची शपथ घेतली. उतरण्याआधी जिन्याखाली उभी राहून मला हाक मारेन, म्हणाली.

११ तारीख, गुरुवार

तेच विमान. आज ते कारखान्यात जाणार. मळक्या चादरींची गाडी येणार नाही म्हणे, पोती आतच राहू द्या. सगळ्या विचारत बसल्या, कुठे ठेवू, कुठे ठेवू. मी माडीवर जायची वेळ पुढे ढकलत होते, त्यात यांची कटकट. ओरडले, रचा तिथेच शेपटाकडच्या कोपऱ्यात आणि मोकळ्या व्हा!

आणि वर चढले. पाच गाद्या झटपट केल्या. सहावीकडे बघितलंच नाही.

खालून चष्मेवालीनं हाक मारली. एकतीस, उतरलीस का गं?

मी तोंड उघडायच्या आत माझ्या पाठीमागून कोणीतरी म्हणालं, हो गं, उतरले, लावा दार. माझ्याच आवाजात. वसकन.

तीच तारीख, नंतर

दिवे गेले. दार लागलं, म्हणजे माझा बिल्लाही कोणीतरी काढलाच. खुर्चीखाली बघायला देतात ती कपाळाची बत्ती आहे, तिच्या उजेडात लिहितेय. फोन फाटकावर जमा. जिन्याचं दार बाहेरच्या बाजूला उघडतं आणि बाहेर पोती. मीच रचायला लावलेली. खांदा लावला, लाथा घातल्या. बोटभर फट पडते, मग पोती परत दाबतात. ओरडले. घसा बसला. विमान हलतंय, ओढून नेतायत. बाहेर भर दुपार असेल. इथे—

नऊ दिवस.

नंतर

वर आले. दाराशी उकडून मरायची वेळ आली. ती गादीवर आहे. बघत नाही मी तिकडे. श्वास ऐकू येतो. माझा थांबवला तरी—

नंतर

भिंतीवर चित्र आहे. आग लागली तर सुटायची वाट. जमिनीला एक झाकण, त्यातून खाली प्रवाशांच्या डोक्यावरच्या सामानाच्या कप्प्यात उतरता येतं, तिथून खुर्च्यांवर. म्हणजे वाट आहे! बाई, वाट आहे!

चित्रात बाण काढलाय. पाच गाद्यांखाली हात घालून बघितला तरी. नाही.

बाण कोपऱ्याकडे आहे.

नंतर

अक्षर बिघडलं.

बोलले तिच्याशी. म्हटलं, बाई, तुझं-माझं काही वैर नाही. घरी माणसं आहेत माझी. गादी उचलायचीय. जरा उठतेस का?

पट्टा सुटल्याचा आवाज आला.

नंतर

उठली नाही. भिंतीकडे सरकलीय. पांघरूण उचलून धरलंय, माझ्या बाजूनं. म्हणतेय, दमलीस गं. आधी थोडी पाठ टेक, मग झाकण आपण दोघी मिळून—

नाही म्हणाले मी.

नाही म्हणाले, तरी गुडघा गादीवर आहे माझा. मी ठेवला नाही. गरम आहे. ती पट्टा माझ्या अंगावरून घेतेय, मी सांगतेय तिला, आवळू नकोस, मला लिहू दे, निदान सुनेला एवढं तरी कळू दे की मी उतर