ठिपकीसाठी सदरा

सोमवार, ४ ऑगस्ट

पोचले वसतिगृहात एकदाची! खोलीत दोन पलंग, दोन कपाटं, एक खिडकी. खिडकीतून दिसते फक्त समोरच्या इमारतीची भिंत. एवढी ऐसपैस भिंत आणि तिला अंग घासायला एक गाय नाही. फुकट गेली सगळी!

बाबा सोडायला आले होते. फाटकापाशी म्हणाले, "सुट्टीपर्यंत राहून बघ. नाहीच करमलं तर परत ये. वरच्या गावच्या शाळेत जाशील सायकलने. मी एका शब्दाने बोलणार नाही." पण त्या शाळेत प्रयोगशाळा नाही. आणि मला तर गुरांची डॉक्टर व्हायचंय!

आई आलीच नाही. धारा काढायच्या होत्या म्हणे. सकाळी निघताना गोठ्यातूनच ओरडली, "डबा घेतलास का?" झालं! ना डोळ्यांत पाणी, ना पाठीवरून हात. मी रडायचं ठरवून ठेवलं होतं, तेही राहून गेलं.

मंगळवार, ५ ऑगस्ट

पहाटेच जाग आली. अंधारात पायाने गोठ्यातले बूट चाचपत होते — सापडल्या चष्मिसच्या चपला. चष्मिस म्हणजे माझ्या खोलीतली दुसरी मुलगी. पक्की शहरातली. तिने गाय पाहिली आहे ती फक्त दुधाच्या पिशवीवर.

आंघोळीच्या रांगेत ती दार अडवून उभी होती. मी अर्धवट झोपेत. तिच्या कमरेवर थाप मारली आणि म्हणाले, "हो गं तिकडे, सरक!" आणि ती सरकली!! मग माझ्या लक्षात आलं मी काय केलं ते. जीव मुठीत धरून तिच्याकडे पाहिलं, तर ती खो खो हसत होती. जमेल हिच्याशी.

शुक्रवार, ८ ऑगस्ट

इथलं दूध म्हणजे दूध नव्हे, पांढरं केलेलं पाणी. स्वयंपाकीणमावशींना विचारलं, "गाय आजारी आहे का?" त्यांनी पळीच उगारली.

रविवार, १० ऑगस्ट

आज घरचा फोन. ऑफिसातल्या फोनवर बोलायचं आणि वॉर्डनबाई घड्याळाकडे बघत समोर बसणार. आधी धाकटी बोलली. दात पडला, मांजर व्याली, तिला माझा पलंग मिळाला. मेली! मी जायचीच वाट बघत होती.

मग आई. तिचं नेहमीचंच — जेवलीस का, अभ्यास कर, इथलं मी बघते. आणि शेवटी म्हणाली, "ठिपकी धार देईना गं."

 ठिपकीला मी बाटलीने दूध पाजून वाढवली. पहिल्या वेतापासून तिच्या कासेला हात माझाच. दुसरं कुणी बसलं की लाथ! आई म्हणाली, "तुझा गोठ्यातला सदरा घालून बसते, तेव्हा पान्हा सोडते. पण आता त्याचा वास गेला. एखादा अंगातला काढून तिकडे येणाऱ्या आपल्या दूधगाडीवाल्याकडे दे. आणि हे बघ, धुवू नकोस."

गाय आहे की कोण आहे! सगळ्या दुनियेत तिला मीच हवी. दिवसभर छाती फुगवून हिंडले. आणि मग एकदम इतकं वाईट वाटलं की जेवणच गेलं नाही.

बुधवार, १३ ऑगस्ट

करमत नाही.

शनिवार, १६ ऑगस्ट

निळा सदरा आठवडाभर घालून झोपले. चष्मिस नाक दाबून म्हणते, "गाय बेशुद्ध पडेल." सकाळी दूधगाडी फाटकाशी आली तेव्हा गाडीवाल्याकाकांना गाठोडं दिलं. त्यांनी वास घेतला आणि दोन बोटांत धरून पाठीमागे कॅनांच्या गर्दीत टाकलं. म्हणाले, "आजवर या गाडीतून दूधच नेलं. आज पहिल्यांदा घाम चाललाय."

रविवार, २४ ऑगस्ट

आई म्हणाली, "सदरा चालला." आवाज चांगला होता तिचा. धाकटीला विचारलं, ठिपकी किती दूध देते? म्हणाली, "बादली भरून!" बघा! वास तो वास!

सोमवार, १ सप्टेंबर

आज सूक्ष्मदर्शकाखाली दुधाचा थेंब पाहिला. इवले इवले गोल, हजारो! एकमेकांना ढकलत चालले होते. इतकी वर्षं मी धारा काढते आणि त्यात हे सगळं आहे याचा पत्ता नाही. तास संपला तरी उठवेना. विज्ञानाचे सर म्हणाले, "उद्याही येणार आहेस ना?"

उद्याही येणार आहे. पण सुट्टीनंतर? ठरलंय माझं — सुट्टीत गेले की परत यायचं नाही. गोल दिसतात ते खरं, पण ज्या गाईचे ते गोल, तिच्या अंगाला हात लावायला मी तिथे नको का?

रविवार, ७ सप्टेंबर

घोटाळा! दुसरा सदरा खुंटीला होता, तो कपडेवाल्या मावशींनी नेऊन धुतला. वर फुलांच्या वासाचा साबण! मला वाटलं थोडा तरी माझा वास राहिला असेल, म्हणून तसाच पाठवला. आज आई फोनवर एवढंच म्हणाली, "हा धुतलेला आहे. चालत नाही. दुसरा पाठव." केवढी नाराज होती! नक्कीच लाथ बसली असणार. सांगत नाही, एवढंच.

शुक्रवार, १२ सप्टेंबर

आज खोल्यांची तपासणी. वॉर्डनबाईंनी माझं कपाट उघडलं आणि दोन पावलं मागे सरकल्या.

"हे काय आहे?"

"सदरा, बाई."

"मेलेला वाटतो. धुतला का नाही?"

"गाईसाठी आहे, बाई."

मागे चष्मिस उशीत तोंड खुपसून हसत होती. बाईंना वाटलं मी थट्टा करते. मला ऑफिसात नेलं, स्वतः घरी फोन लावला, मला बाहेर उभं केलं. दारातून त्यांचा कडक आवाज ऐकू येत होता. मग कमी झाला. मग थांबलाच. आई बरंच बोलली असावी — माझी आई! जी तीन शब्दांत जग आटोपते!

बाई बाहेर आल्या. नाक लाल. म्हणाल्या, "ठेव तो सदरा. कपडेवालीला मी सांगते." आणि जाता जाता माझ्या डोक्यावर हात ठेवला. बाईंनाही गाईंचा एवढा लळा असेल असं वाटलं नव्हतं.

रविवार, २१ सप्टेंबर

रस्सीखेचीत आमचा वर्ग जिंकला! मी शेवटची, दोर कमरेला. समोरच्या मुली म्हणजे रुसलेलं वासरू समजले आणि टाच रोवली. चष्मिस ओरडून ओरडून बसली. म्हणजे तिचा आवाज बसला. ती मात्र सगळ्यांना सांगत नाचत होती, "माझ्या खोलीतली आहे ती!"

मी परत येणार नाही हे तिला अजून सांगितलेलं नाही.

शुक्रवार, १० ऑक्टोबर

उद्या घरी!! ट्रंक पूर्ण भरली. चादर, तांब्या, खिडकीतला दगडसुद्धा. चष्मिस बघत होती. "सुट्टीला दगड नेतात?" मग तिला कळलं.  आपला पिवळा सदरा माझ्या ट्रंकेवर टाकला. "हा पण ने. बघू तुझी गाय मला ओळखते का."

 ही अजून गाईला भेटलेली नाही आणि मी हिला सोडून चालले.

शनिवार, ११ ऑक्टोबर

घरी आले. धावतच गोठ्यात. ठिपकीने मला हुंगलं, मान हलवली आणि पुन्हा वैरणीत तोंड घातलं. पाहुणी आली तर येऊ दे, असा भाव! मी म्हटलं, रुसली असेल.

संध्याकाळी आई धारेला बसली. आपल्याच कपड्यांत! ठिपकी डोळे मिटून रवंथ करत उभी आणि चरवीत फेस. वर धाकटी म्हणते, "मीपण काढते! ताई, तू गेलीस ना, आठवडाभर नाटकं केली हिने. मग सगळ्यांना देते."

"मग सदरे कशाला?" मी विचारलं.

आई म्हणाली, "चरवी धर." बाबांना उगाच खोकला आला.

रविवार, १२ ऑक्टोबर

कुणाशी बोलायचं नाही असं ठरवलंय. माझ्यावाचून इथे सगळं छान चाललंय! तो फुलांच्या वासाचा धुतलेला सदरा तर ओटा पुसायला घेतलाय. मी आठवड्या-आठवड्याला घामेजून झोपायचं, चष्मिसची बोलणी खायची, आणि त्याचं हे! बाबांनी विचारलं, "मग? काय ठरवलंस?" मी म्हटलं, सांगते.

कशासाठी राहू? गाईला मी नको. ट्रंकही उघडली नाही अजून.

सोमवार, १३ ऑक्टोबर

आज अंथरुणं उन्हात टाकायला काढली. आई गोठ्यात होती. तिची उशी उचलली तर खाली माझे सदरे. निळा, आणि ओट्यावरचा तेवढा सोडून त्यानंतरचे सगळे. नीट घडी घातलेले. एकही धुतलेला नाही.

उशी होती तशी ठेवली. 

बाबांना सांगितलं, सुट्टी संपली की जाणार. आज अंगात चढवलेला सदरा निघेपर्यंत काढायचा नाही. निघताना आईच्या हातात द्यायचा आणि सांगायचं — ठिपकीसाठी आहे, धुवू नकोस.