डिकीतला डबा

सुकन्या,

तू देवळातून येईस्तोवर मी निघालेलो असेन. चहा घेतलेला नाही, उपाशीपोटी रक्त द्यायचं आहे. स्कूटर ठेवून रिक्षानं चाललोय, किल्ली फ्रिजवर आहे.

डिकी उघडून बघ. तिच्यात शेंगा चटणीचा डबा आणि कडक भाकरी आहेत. दिवाळीपासून माझं वजन चौऱ्याऐंशीवर अडलं होतं ते त्यापायी. तू भात बंद केलास, चहातली साखर काढलीस, 'या वयात असं अडतंच की' म्हणून वर मलाच धीर दिलास. आणि मी रोज फिरायला म्हणून जाऊन बागेतल्या बाकावर बसून खात होतो. साठीला आलेला माणूस, सांगायची लाज वाटली.

गेल्या महिन्यात काटा हलला, सहा किलो कमी झाले. तू करमाळ्याला दादाला फोन करून सांगितलंस, पथ्य लागू पडलं. तुझा चेहरा बघून मी गप्प बसलो. पण त्या महिन्यातही माझं खाणं एक दिवस चुकलं नव्हतं. मग वजन कशानं गेलं, तेवढं डॉक्टरांना विचारून येतो.

सृष्टीला आताच कळवू नको, लेकीची परीक्षा तोंडावर आहे. दुपारी माझ्यापुरता भात लाव.

डबा भरलेला दिसेल. सोमवारपासून ती चटणीही घशाखाली जात नाही.

अजिनाथ