‘सगळं धरून’ म्हणजे काय काय धरून?

तीर्थरूप वन्सं यांस,

कमरेत वाकायला डॉक्टरांनी मनाई केली आहे, तेव्हा हा मानेनेच केलेला नमस्कार गोड मानून घ्यावा. तुमची शुगर, तुमचा डावा गुडघा आणि वरच्या मजल्यावर पहाटेपासून उड्या मारणारा तुमचा भाडेकरू, या तिघांची खुशाली कळवावी. इकडे सर्व क्षेम आहे. म्हणजे काल दुपारपर्यंत होतं. काल दुपारी तुमचा निरोप आला.

‘या वयात बोटीवर जाणं शोभत नाही.’ एवढंच. वर मायना नाही, खाली विचारपूस नाही. (मोबाइलवर वाक्याच्या शेवटी पूर्णविराम देणारं माणूस आपल्या घराण्यात एकच आहे, त्यामुळे नाव बघावं लागलं नाही.) हे काम तुमच्या भाच्याचं, हे मी लगेच ओळखलं. लहानपणी दूध पीत नसला की मी त्याला सांगायची, ‘आत्याला सांगीन हं!’ आणि तो डोळे मिटून पेला रिकामा करायचा. आता तो माझ्यावर तेच अस्त्र चालवतो. फोनवर बोलले असते, पण आपल्या घरात भिंतींना नाही, सगळ्यांनाच कान आहेत. म्हणून पत्र. कुरियरने पाठवते आहे. बसून वाचा. मी जाणार आहे.

आधी एक गैरसमज दूर करते. शेजारच्या बाईंपासून दातांच्या डॉक्टरांपर्यंत सगळ्यांना वाटतं की मी तुमच्या भावाची राहून गेलेली इच्छा पुरी करायला निघाले आहे. डोळ्यांत पाणी आणून माझा हात दाबतात. छे हो! तुमच्या भावाची इच्छा असती तर ते घरातून दूध आणायला तरी आनंदाने गेले असते. बोटीचं नाव काढलं की ते पेपर तोंडापुढे धरत, आणि पेपर उलटा असला तरी खाली घेत नसत. ही इच्छा माझी आहे. पहिल्यापासून माझीच होती. तिच्यावर कुणाचा फोटो लावून हार घालायची गरज नाही.

तर गेल्या आठवड्यात आम्ही प्रवास कंपनीच्या ऑफिसात गेलो. मी एकटीच जाणार होते, पण ‘तुला त्यातलं काय कळणार’ म्हणत चिरंजीव बरोबर आले. काचेचं दार, आत इतकी थंडी की मला शाल घ्यावी लागली, आणि भिंतभर एका बोटीचं चित्र. बोट कसली, आपल्या गल्लीतल्या सगळ्या इमारती एकावर एक रचून पाण्यात सोडल्यासारखी. टेबलामागे एक चुणचुणीत मुलगी. तिने माझ्याकडे बघून छान हसून तुमच्या भाच्याला विचारलं, ‘आजींना झेपेल ना?’ आणि हा म्हणतो, ‘तेच तर!’ (मी दोघांच्या मध्ये बसले होते, वन्सं. फुलदाणी ठेवतात तशी.) मी म्हटलं, ‘गाडी नीट लावली आहेस का, बघून ये.’ तो गेला. मग मी खुर्ची पुढे ओढली.

तुम्हाला माहीत आहे, माझी सगळी नोकरी हॉस्पिटलच्या चौकशीच्या खिडकीत गेली. आतल्या बाजूला. लोक येत आणि विचारत, क्ष-किरण कुठे, डॉक्टर आले का, भेटायची वेळ कधी. सांगितलं की चार पावलं जात आणि परत येऊन तेच विचारत. आमच्यातल्या काहीजणी वैतागत. मी कधी वैतागले नाही, कारण मला लवकरच कळलं होतं की ज्याचं माणूस आत असतं त्याला उत्तर नको असतं, कुणीतरी बोलायला हवं असतं. पण इतकी वर्षं उत्तरं देताना माझे स्वतःचे प्रश्न आत साठत गेले असणार. ते त्या दिवशी बाहेर पडले.

मुलगी म्हणाली, ‘आजी, आमचं सगळं धरून असतं. तुम्ही फक्त बॅग भरायची.’

मी म्हटलं, ‘बरं. मग न धरलेलं काय ते सांग.’

तिने पाण्याचा घोट घेतला. चहा धरलेला आहे, पण वरच्या काचेच्या हॉटेलातला नाही. पाणी धरलेलं आहे, पण बाटलीतलं नाही. कपडे धुणं नाही, इस्त्री तर नाहीच. किनाऱ्यावर उतरणं धरलेलं आहे, पण उतरल्यावर पुढे कुठे जाणं नाही. (म्हणजे धक्क्यावर उभं राहून समोरच्या देशाला हात करायचा आणि परत चढायचं, हे फुकट.) वाढप्यांची बक्षिशी धरलेली आहे, तरी ‘लोक देतात.’ डॉक्टर बोटीवर आहे, पण धरलेला नाही. मी विचारलं, खोलीतून समुद्र दिसतो का? म्हणाली, दिसतो. मी विचारलं, मध्ये काय येतं? ती जरा चपापली आणि म्हणाली, काही खोल्यांपुढे जीवरक्षक होड्या टांगलेल्या असतात. म्हणजे समुद्राऐवजी आठवडाभर होडीचं बूड बघत बसायचं, आणि बोट बुडाली तरच देखावा मोकळा व्हायचा!

एव्हाना मागे बसलेले एक टक्कल पडलेले गृहस्थ आपली खुर्ची माझ्या खुर्चीजवळ घेऊन आले होते आणि ‘विचारा, तेही विचारा’ असं मला हळूच सांगत होते. त्यांच्या शेजारचं नवं जोडपं पुस्तिका मिटून माझ्याकडे बघत होतं. मग मी माझ्या दृष्टीने सगळ्यात महत्त्वाचं विचारलं.

‘आणि मी वर गेले तर?’

‘लिफ्ट आहे ना आजी, थेट वरच्या डेकपर्यंत.’

‘तशी वर नाही गं.’

ती पोर पांढरीफटक पडली. आतून मॅनेजर धावत आले. टाय लावलेला, हसू लावलेलं. माझ्या कानाशी वाकून म्हणाले, ‘तशी सोय असते बोटीवर. थंड खोली.’ मी म्हटलं, ‘धरलेली आहे का?’ ते टायची गाठ सारखी करू लागले. टकलू गृहस्थ मात्र म्हणाले, ‘उत्तर द्या ना साहेब, आम्हालाही यायचंय!’ त्यावर जोडपं उठून निघून गेलं आणि मॅनेजरांनी मला मानाने आतल्या केबिनमध्ये नेलं, चहा मागवला. (तो धरलेला होता.)

निघताना मुलगी दारापर्यंत सोडायला आली. हळूच म्हणाली, ‘आजी, भीती वाटते का तुम्हाला?’ मी म्हटलं, ‘वाटते तर. म्हणून तर एवढं विचारलं. नसती वाटली तर विचारत कशाला बसले असते?’ तिने माझा हात धरून पायरी उतरवली. तेवढ्यात चिरंजीव गाडी नीट लावून परत आले.

आता त्याने दुसरी हरकत काढली. तुला बोट लागेल. उलट्या होतील, तिथे कोण बघणार? मी म्हटलं, बघून घेऊ. शहराबाहेर ती खेळांची बाग आहे, तिथे एक लोखंडी बोट आहे, झोपाळ्यासारखी पुढेमागे आभाळात जाणारी. रविवारी मी तिथे गेले. तुमचा भाचा मला थांबवायला आला आणि थांबवता येईना म्हणून शेजारी येऊन बसला. बोट चालवणारा म्हणाला, आजी, खाली बघू नका. मी मुद्दाम बघितलं. काय सांगू वन्सं! माणसं, झाडं, फुगेवाला, सगळे एकदा पायाखाली आणि एकदा डोक्यावर. पोटात असा खड्डा पडला की मी मोठ्याने हसायलाच लागले. अशी मी शेवटची कधी हसले होते, आठवत नाही. शेजारून हाक आली, ‘आई, थांबव!’ जसं काही मीच चालवत होते. उतरल्यावर त्याला बाकावर आडवं केलं, रुमाल ओला करून कपाळावर ठेवला. लोक जमले. एक बाई मला रागावून म्हणाल्या, ‘झेपत नाही तर मुलाला बसवता कशाला?’ चव्वेचाळीस वर्षांचं मूल ते. मान खाली घालून लिंबाचं सरबत पीत होतं.

बोट लागण्याचा मुद्दा तिथे मिटला. काल संध्याकाळी तुमचा निरोप हातात घेऊन घरात बैठक बसली. सूनबाई म्हणाली, आई, मग आपण सगळेच जाऊ, तुम्ही मुलांच्या खोलीत राहा. म्हणजे हे दोघं वर गाणी ऐकणार आणि मी खाली नातवंडांना दात घासायला लावणार. माझा जीव आहे त्यांच्यावर. पण ती मला घरी दिसतात, समुद्र दिसत नाही. मी नाही म्हटलं. (मागाहून स्वयंपाकघरात सूनबाईने आपली चाकांची बॅग माझ्यापुढे ठेवली आणि म्हणाली, ‘जा हो तुम्ही. मला यांनी बोलायला लावलं होतं.’ हे कुणाला सांगू नका.)

मुलाचं मला कळतं. वडील गेल्यापासून तो रोज काहीतरी निमित्त काढून माझ्या खोलीचं दार ढकलतो. औषध घेतलंस का, पंखा कमी करू का. खरं तर मी श्वास घेते आहे का, तेवढं बघून जातो. मी जागी असले तरी डोळे मिटून पडते, म्हणजे त्याला नीट बघता यावं. पण वन्सं, नुसता श्वास घेते आहे एवढ्यावर किती दिवस काढायचे?

आणि तुमचं ते ‘शोभत नाही’. मी सायकल शिकले तेव्हा शोभलं नाही. नोकरी धरली तेव्हा शोभलं नाही. केस कापले तेव्हा तर तुम्ही महिनाभर माझ्या कपाळाकडेच बघून बोलत होतात. सायकल मी चालवली, नोकरी केली, आणि केस अजून आखूडच आहेत. तेव्हा हे पत्र परवानगीसाठी नाही. कळवलं नाही, असं उद्या म्हणू नये, म्हणून आहे.

गुडघ्याला शेक देत जावा. भाडेकरूला एकदा ओरडा.

आपली, कधीच न शोभलेली,
भावजय

ता. क. बैठकीत शेवटी काय झालं ते लिहायचं राहिलं. तुमचा भाचा रडकुंडीला आला, म्हणाला, एकटीला सोडणार नाही म्हणजे नाही. तेव्हा माझ्या तोंडून निघून गेलं, ‘एकटी कुठे? वन्सं येताहेत ना बरोबर. मला शोभत नाही म्हणूनच येताहेत, लक्ष ठेवायला.’ त्याने नाक पुसलं. मग तो म्हणाला, ‘आत्या असेल तर ठीक आहे.’ तो रविवारी तुम्हाला फोन करेल. तुम्ही फक्त ‘बॅग भरते आहे’ एवढंच म्हणायचं. खरंच यायची काही आवश्यकता नाही.

ता. क. २. तसं त्या मुलीने सांगितलं की खोलीचं दार आपोआप लागतं, कडी नाही. मला ते काही रुचलं नाही. तुमचे भाऊ दिवा मालवल्यावर अंधारातून विचारायचे, ‘दार लावलंस का?’ रोज. मी रोज चिडायची. आता कुणी विचारत नाही आणि मी उठून उठून बघते. गेल्या वेळी तुम्ही राहायला आला होतात तेव्हा पलीकडच्या पलंगावरून तुम्ही अगदी त्याच आवाजात विचारलंत. त्या रात्री मला गाढ झोप लागली होती. तेव्हा सांगितलं नाही, कारण तुम्ही शेफारला असतात.

ता. क. ३. मॅनेजरांनी दोन पलंगांची खोली महिनाअखेरपर्यंत राखून ठेवली आहे. पुढे होडी टांगलेली नाही, मी लिहून घेतलं आहे. तुमच्या गुडघ्याचंही विचारलं, लिफ्ट खोलीसमोरच आहे. समुद्राच्या बाजूचा पलंग माझा. यावर चर्चा होणार नाही.