पसरलेला पदर

आई, उतावळी हा शब्द मी पहिल्यांदा तुझ्या तोंडून ऐकला तो चुलीपुढं. तवा तापायच्या आधीच मी भाकरी टाकली आणि ती चिकटली. "मेली उतावळी," म्हणत तू मनगटावर उलथन्याचा चटका दिलास. त्या वयात मला वाटलं, उतावळी म्हणजे जिला भूक लागते ती. पुढं कळलं, माझं फारसं चुकलं नव्हतं.

मी लग्नाची झाले त्या वर्षी दुष्काळ सरला आणि मिलमधल्या एका मुलाचं स्थळ आलं. तो मला आवडला होता. माझं तोंड बघून ते तुलाही कळलं होतं. पोहे झाले, विचारपूस झाली. निघताना त्याच्या आईनं पिशवीतून नारळ काढला. मुलगी पसंत पडली की ओटी भरतात, एवढंच मला ठाऊक. मी पुढं होऊन पदर पसरला.

ती बाई नारळ हातात धरून थांबली. "न्हाय गं पोरी, रुमाल शोधतीया मी. ह्यो सिद्धेश्वराला फोडायचाय." ती बिचारी माझ्यापेक्षा जास्त ओशाळली होती. तिनं ते पोटात घातलंही असतं. पण तू हसलीस. "लई उतावळी हाय बगा आमची. गुडघ्याला बाशिंग बांधूनच बसलीया!" मग सगळेच हसले. तोही हसला. काही दिवसांनी निरोप आला, मुलगी जरा उतावळी वाटते. शब्द तुझाच होता, तोच त्यांनी परत पाठवला.

त्यानंतर कुणीही बघायला आलं की चहा निवायच्या आत तू ती गोष्ट सांगायचीस, स्वतःचा पदर पसरून, माझी नक्कल करत. माणसं पोट धरून हसायची आणि निघून जायची. आता सांग, आपल्या दोघींत उतावळी कोण होती?

तू अण्णांच्या आधी गेलीस, सवाष्ण. आळीतल्या बायकांनी तुझी ओटी भरली. मी बिनलग्नाची, म्हणून मला नुसतं ताट धरायला उभं केलं. "पदर नीट पसरा की गं तिचा," कुणीतरी म्हणालं, आणि दोघींनी तो पसरला. मला हसू आलं, आई. ताट हलू नये म्हणून मी ओठ चावून धरला. बायकांना वाटलं, पोरगी रडतेय.

हे पत्र कुठं पाठवायचं नाही, म्हणून सांगते. माझे केस पिकले, तरी अजून समोरच्या बाईनं पिशवीत हात घातला की माझा हात पदराकडं जातो.