माशीच्या पंखाखालचे केस

काका, तुम्ही जाऊन बरीच वर्षं झाली, तरी भिंग डोळ्याला लावलं की आधी तुमचं खाकरणं ऐकू येतं. वाशिमच्या आमच्या कॉलेजात तुम्ही प्रयोगशाळेतले शिपाई, जऊळक्याहून रोज गाडीनं यायचात. माश्या ओळखायचं इंग्रजी पुस्तक तुम्हाला वाचता येत नव्हतं, आणि ते पाठ असलेले आमचे सर अडले की डबी घेऊन तुमच्याकडेच यायचे.

मागच्या अंगणात कलेजीचा तुकडा ठेवून आम्ही माश्या धरल्या, तो दिवस आठवतो. मी दहा मिनिटांत सगळ्या हिरव्या माश्यांना एकच नाव चिकटवून मोकळी. तुम्ही डबी उघडता, चष्मा कपाळावर सारता. "काहून वं बाई, रंग पाहून नाव लिहून राह्यली? हिरव्या तं साऱ्याच हायेत!" मग भिंगाखाली दाखवता: पंखाच्या बुडाशी चिमुकला पडदा असतो, त्यावर केस आहेत की तो सफाचट, छातीच्या बाजूचं श्वासाचं भोक पांढुरकं की काळं, डोळे कपाळावर भिडलेले असले तर नर, मधे जागा असली तर मादी. माझ्या एका डबीत तीन जाती निघाल्या. एका माशीचे केस मी डबी हलवून झाडून टाकले होते, तरी तिलाही नाव दिलं होतं. तेव्हा मात्र तुम्ही चिडलात. "दिसलंच नाही तं लिहिलं कायले? 'मले माहीत नाही' लिहाले लाज वाटते का तुले?" सगळ्या वर्गासमोर. मला रडू आलं. पण तुमच्याएवढा मोठा मास्तर मला पुढे कुठेही भेटला नाही.

आता पोलिसांकडून येणाऱ्या बाटल्या माझ्या टेबलावर असतात. गेल्या आठवड्यात शेतात सापडलेल्या एका प्रेताजवळच्या कोशातून निघालेली एकच माशी आली, तीही चिरडलेली. प्रत्येक जात वाढायला वेगळे दिवस घेते; जात कळली तर मरणाचा दिवस कळतो, आणि त्या दिवसावर कोठडीतल्या एका माणसाचं सुटणं अवलंबून होतं. तपास करणारे पोलीस साहेब फोनवर म्हणाले, "मॅडम, हिरवी आहे ना? टाका मग नाव." पडदा फाटलेला, केस गळालेले. मी अहवालात लिहिलं, ओळख पटली नाही.

सहकाऱ्यांना सांगितलं, ही आमच्या काकांची शिकवण. ती आहेच. पण काका, आधी मी नाव टाइप केलं होतं, सहीसुद्धा केली होती, आणि तो कागद दुपारभर माझ्या खणात होता. फाडताना त्या कोठडीतल्या माणसाचा विचार मनात नव्हता. उद्या दुसऱ्या कुणी भिंग लावलं तर माझं हसं होईल, एवढीच भीती होती. तुम्ही समोर असतात तर हे मी कबूल केलं नसतं.