आईला सांगितलेलं देशाचं नाव

माकिन बेट,
८ मार्च १९८१

चि. बाउरो यास ताईचे अनेक आशीर्वाद.

आई गेल्याची तुझी तार बोटीने बाराव्या दिवशी मिळाली. परक्या नाउरूत, दवाखान्याच्या खाटेवर गेली, हे काही केल्या मनातून जात नाही. तू शेवटपर्यंत जवळ होतास एवढंच समाधान.

तार आल्यापासून मी दारापुढची वाट रोज झाडते. आपल्या बेटांवरचं कुणीही मेलं की उत्तर टोकावर, परलोकाच्या दाराशी जाळं विणत बसलेल्या म्हाताऱ्याकडे याच वाटेने जातं. आपलं घर शेवटचं, त्यामुळे कोण गेलं ते आधी आपल्याला कळतं. पाला सळसळतो, कुत्री उठून बाजूला होतात. बाउरो, आई अजून गेलेली नाही.

तेबानोकाकांनी विचारलंय, तीन संध्याकाळ मंत्र म्हणून तिची पलीकडची वाट सरळ करताना तू कुठल्या देशाला जा म्हणून सांगितलंस? खरं ते लिही. पाठांतरात तू पहिल्यापासूनच ढ.

प्रकृतीला जप आणि माझ्यावर रागावू नकोस.

तुझी,
तेकारावाताई

नाउरू,
२ एप्रिल १९८१

ती. ताईस, बाउरोचा शि. सा. नमस्कार.

ढ म्हणालीस तरी नमस्कार करतोच आहे, यावरून माझा स्वभाव ओळख.

मी सगळं रीतसर केलं. खोबरेल लावलं, चटईवर निजवलं, तीन संध्याकाळ एकही शब्द न गाळता वाट सांगितली. देशाचं नाव विचारतेस, तर किरिबास प्रजासत्ताक असं ठणकावून सांगितलं. आपल्याला स्वतंत्र होऊन दोन वर्षं होत आली. तिच्या पासपोर्टावर तेच, मृत्यूच्या दाखल्यावरही तेच. छापील नावात चूक कसली? इथे खाणीच्या ऑफिसात मी माझा तसला पासपोर्ट दाखवला की साहेब उठून खुर्ची देतात. तेबानोकाकांना म्हणावं, जमाना बदलला.

बाकी ठीक. एकच गंमत. आईची चटई मी गुंडाळून, बांधून फळीवर ठेवतो आणि सकाळी ती अंथरलेली असते. चाळीतलं कुणीतरी चेष्टा करत असणार.

लोभ आहेच, तो असाच राहू दे.

तुझा,
बाउरो

माकिन,
२४ एप्रिल १९८१

चि. बाउरोस आशीर्वाद.

अरे शहाण्या, ते नाव मला का आवडत नाही? झेंडा चढला त्या दिवशी मनेआबात, साऱ्या गावाच्या सभाघरात, मी गुडघे दुखेपर्यंत नाचले. पण ते ऑफिसातलं नाव. इंग्रजांच्या काळात आई सरकारी माणसापुढे त्यांनी ठेवलेलं गिल्बर्ट म्हणायची, घरात मात्र आपलं जुनं तुंगारू. तुंगारूचा पाऊस, तुंगारूची माणसं. पलीकडे तिची वाट पाहणाऱ्या आजीआजोबांनी प्रजासत्ताक कधी ऐकलंय का? तू तिला जिथे धाडलंस, तिथे तिचं कुणी नाही.

परवाच्या बुधवारी, भर दुपारी, शिंपले वेचायला गेलेल्या बायकांना ती खडकांपाशी दिसली. गुडघाभर पाण्यात, केस कोरडे. हाक मारल्यावर वळली आणि अगदी अदबीने, अनोळखी माणसाला विचारावं तसं विचारलं, की हा कुठला देश. बायका टोपल्या टाकून पळाल्या. मी धावत गेले, तोवर कुणी नव्हतं. जिथे जन्मली ते गाव तिला ओळखू आलं नाही, बाउरो!

काका म्हणतात, अजून महिनाभराने तिला स्वतःचं नावसुद्धा आठवणार नाही, मग तिला कुणीच पोचवू शकणार नाही. थडग्यापाशी जा आणि घरातलं नाव घेऊन वाट पुन्हा सांग. हे पत्र हाती पडेल त्याच दिवशी.

वाट पाहणारी,
ताई

नाउरू,
१८ मे १९८१

ती. ताईस नमस्कार.

हे वाचून तू माझं तोंड पाहणार नाहीस, तरी लिहितो. मी चुकलो नव्हतो. मला माहीत होतं. तुंगारू म्हटलं की ती जाणार, म्हणून मी मुद्दाम ऑफिसातलं नाव घेतलं.

मला बायको नाही, पोर नाही. सोळा वर्षं या धुळीत काढली, आणि आई आली तेव्हा कुठे खोलीत कुणी माझ्याशी आपल्या भाषेत बोलायला लागलं. ती कायमची जावी हे मला सोसलं नाही. चटई चाळीतलं कुणी अंथरतं ही थाप मारली, क्षमा कर. ती रोज दुपारी कुठेतरी जायची आणि ओल्या पायांनी परत यायची. चटईवर बसायची आणि मला विचारायची, की हा कुठला देश. आधी मला बाउरो म्हणायची. मग बाळ. मग अहो.

अहो म्हणाली, ताई. स्वतःच्या पोराला.

काल रविवारी चर्चहून आल्यावर थडग्यापाशी उभा राहिलो आणि तुंगारू म्हणालो. एवढ्या वर्षांत मोठ्याने पहिल्यांदाच. परत आलो तर खोली रिकामी होती, आणि ती रिकामी आहे हे आत पाऊल टाकायच्या आधीच कळलं.

आता एकच भीती वाटते. उद्या मी इथे मेलो तर मला ते नाव कोण सांगणार?

शक्य असेल तर माया पातळ करू नकोस.

अपराधी,
बाउरो

माकिन,
१३ जून १९८१

चि. बाउरोस अनेक, अनेक आशीर्वाद.

आई गेली. तू म्हणतोस त्याच रविवारी, दुपार कलताना. कुत्री उठली आणि खोबरेलाचा वास दारावरून उत्तरेला गेला. मी पोटभर रडले. तुझा राग आला होता, तो शेवटचं पान वाचून उरला नाही. मीही तेच केलं असतं.

पण तुझ्या त्या प्रश्नाने माझी झोप उडाली. मी तुझ्याहून चौदा वर्षांनी मोठी, आधी कोण जाणार ते उघड आहे. म्हणून म्हटलं, मी आहे तोवर तुझं काम उरकून टाकावं. तू इथे विसरलेला निळा सदरा चटईवर अंथरला आणि तीन संध्याकाळ तुझ्या नावाने वाट सांगितली, तुंगारू म्हणून. काका ओरडले, जित्या माणसाची वाट कुणी सरळ करतं का म्हणून. मी ऐकलं नाही. मायेपोटी केलं रे.

काल दुपारी झाडलेल्या वाटेवर पावलं उमटत आली. माणूस नाही, नुसती पावलं, आणि उजवा पाय जरा ओढत टाकलेला, खाणीतल्या क्रेनखाली सापडल्यापासून तू टाकतोस तसा. मी ओरडून सांगितलं, की बाउरो, मागे फीर, अजून वेळ आहे, मी उगाच बोलावलं. पावलं दारापाशी थांबली. तेवढ्यात वाऱ्याने वाळू उडाली. पुढे गेली की मागे वळली, ते मला कळलं नाही.

बोट सकाळी सुटते, तिच्यावर हे देते आहे. राजा, पोचल्याचं नको, तिथेच असल्याचं पत्र पाठव.

तुझी,
ताई