अंगठा मागे जातो

१२ जाने., सोम.
दुबईत अल बर्शाहून बस सहाला. रास अल खैमापर्यंत झोप. कॅसिनो अजून उघडायचाय, ट्रेनिंग मात्र जोरात. खोटे चिप्स, खोटे गिऱ्हाईक, खरे कॅमेरे. दर आठवड्याला एका गिऱ्हाइकाला गुपचूप पत्ते मोजायला, म्हणजे पडलेल्या पत्त्यांचा हिशेब ठेवून डाव लावायला सांगतात. तो कोण, हे आम्ही वरच्या खोलीतून ओळखायचं. मी दोनदा चुकले. आमच्या ट्रेनर ग्रेस मॅडम हसत म्हणाल्या, "धिस इज लास्ट चान्स, हबीबी."
आजच्या गिऱ्हाइकांत विल्सन. माझा नवरा! एजन्सीने पाठवलं म्हणे. सकाळी बोलला नाही. आज काय करणार, हे मीही विचारलं नव्हतं. बरेच दिवस विचारत नाही.

१३, मंगळ.
वि. टेबल तीनवर. डावा हात मांडीवर, अंगठा बोटांच्या पेरांवरून फिरतोय. माळ जवळ नसली की वसईला मम्मीही बसमध्ये अशीच नमो मारिया मोजते. वि.ला काम नाही, व्हिसा संपत आलेला. वाटलं, प्रार्थना करतोय. चर्चला येणं सोडलंय त्याने, म्हणून गलबललं. जरासंच.

१४, बुध.
प्रार्थना कसली! लहान पत्ता पडला की अंगठा एक पेर पुढे, चित्राचा पडला की एक मागे. नमो मारिया मागे जात नाहीत. पुढे बराच गेला की चिप्स वाढवतो. लगेच डीलरशी गप्पा, मध्येच चहा, उगाच हळहळणं. झकास लपवतो. तोच तो.
मोजणारा पकडला गेला नाही तर त्याला आमच्या डिपार्टमेंटला नोकरी, हा इथला नियम. ती कुणाच्या जागी, हे त्याला ठाऊक आहे. दोनदा चुकले ते मीच सांगितलं होतं.
घरी विचारतो, "मी दिसलो का गं स्क्रीनवर?"
"लांबून."
"कसा दिसतो?"
"जाडा."
हसलो दोघं. वाईट वाटायला हवं होतं. भांडी घासली.

१५, गुरु.
उद्या नाव द्यायचं. दिलं तर वि. वसईला. नाही दिलं तर माझी नोकरी खलास. तो इथे नाही, असं डोळ्यांपुढे आणून पाहिलं. काहीच झालं नाही. कपाट मोठं वाटेल, एवढंच.
जेवताना सांगून टाकलं. "अंगठा मागे जातो तुझा."
घास हातातच. "कधी कळलं?"
"काल."
"मग नाव नाही दिलंस?"
मी त्याला भात वाढला. सुरमई छान झालीय म्हणाला. मग टीव्ही.

१६, शुक्र.
आज वि.चा हात टेबलावर, बरोबर कॅमेऱ्याखाली. अंगठा पुढे, मागे, पुढे. पोराला आकडे शिकवावेत तसा सावकाश. बाकीच्यांचं लक्ष चिप्सकडे. हे फक्त माझ्यासाठी.
मेहेरबानी करतोय माझ्यावर! एजन्सीकडे गेला ते न विचारता, हेही न विचारता. मी कोण मग? भयंकर राग आला. कित्येक महिन्यांत काही आलं नव्हतं, रागसुद्धा.
मॅडमनी घाई केली, "यल्ला, नेम?" दोन मिनिटं मागून घेऊन बाथरूममध्ये आलेय. खाली जाऊन त्याच्याशी कडकडून भांडायचंय, पण आम्हाला खाली जायची मनाई. आणि तो वसईला जायला नकोय मला. आत्ता कळतंय, नाव अगदी जिभेवर असताना.
मॅडम दार वाजवतायत.